पीसी सारखा आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

चालू कामात कॉम्प्युटर मध्येच बंद पडून परत चालू होत असेल तर कोणी कितीही सांगितलं तरी लगेच फॉरमॅट मारू नका. रिपेअरवाल्याला फोन केला की पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं, "विंडोज करप्ट झाली असेल, नवीन टाकून देतो", मग पैसे जातात, टॅलीचा डेटा, मराठी फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं परत टाकत बसावं लागतं आणि आठवड्याभरात दुखणं पुन्हा जसंच्या तसं. मी आजूबाजूच्या लोकांचे बरेच पीसी बघत असतो आणि मुंबईत तरी मला हा त्रास जास्त करून वीज, उष्णता आणि रॅम या तीन ठिकाणीच सापडलाय, विंडोजचा नंबर त्यानंतर लागतो. आणि हे तपासायला फार काही यावं लागत नाही, फक्त घाई न करता एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सगळ्यात आधी हे ठरवायचं की विंडोज पडली का वीज तुटली. दोन्हीत दिसायला सारखंच दिसतं, स्क्रीन जाते आणि कंपनीचा लोगो परत येतो, पण कारणं पूर्ण वेगळी असतात. विंडोज स्वतः पडते तेव्हा एररची निळी स्क्रीन येते (विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर तीच आता काळी असते), पण मशीन लगेच रीस्टार्ट व्हायची सेटिंग आधीपासून चालूच असते त्यामुळे ती स्क्रीन बऱ्याचदा आपल्याला धड दिसतच नाही. ती सेटिंग आधी बंद करा. धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या खालचं सेटिंग्जचं बटण, आणि तिथे ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाका. आता पुढच्या वेळी निळी स्क्रीन आली तर ती थांबून राहील, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि टिक काढूनही मशीन एररची स्क्रीन न दाखवता एकदम बंद होऊन परत चालू झालं तर संशय विजेवर, एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला, आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) नाहीतर उष्णतेवर घ्यायचा.

दुसरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत असतो. स्टार्टवर राईट क्लिक केलं की यादीत मिळेल, आत विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे लाल खुणेची कर्नल पॉवर ४१ ही एंट्री बघून लोक हादरतात आणि "मला ४१ नंबरचा एरर येतोय" म्हणून उपाय शोधत फिरतात. पण ४१ हा आजार नाहीये, मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो आणि तोही परत चालू झाल्यावर लिहिला जातो. खरी माहिती त्याच एंट्रीच्या डिटेल्स टॅबमध्ये आहे, बगचेक कोड नावाची ओळ. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीज तुटली, मशीन पूर्ण गोठलं किंवा कोणीतरी रीसेट दाबलं. शून्य सोडून दुसरा आकडा असेल तर विंडोज निळ्या स्क्रीनने पडलीय. हा आकडा इथे साध्या दशमान पद्धतीत असतो आणि निळ्या स्क्रीनचे कोड इंटरनेटवर हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) लिहिलेले असतात, त्यामुळे तो जसाच्या तसा सर्च केला की भलतंच काहीतरी मिळतं. कॉम्प्युटरमधला कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडला टाकून आधी हेक्समध्ये बदलून घ्या. उदाहरणार्थ २९२ म्हणजे हेक्समधला १२४, हा हार्डवेअरची तक्रार करणारा कोड. २६ आणि ८० हे मेमरीशी, म्हणजे रॅमशी संबंधित, २७८ ग्राफिक्सचा, १२२ आला तर हार्डडिस्क किंवा एसएसडीकडे बघायचं.

अजून एक नंबर लक्षात ठेवा, १०७४. हा दिसला तर तो क्रॅश नाही, कुठल्यातरी प्रोग्रामने किंवा माणसाने रीतसर रीस्टार्ट सांगितलेला असतो आणि कोणी सांगितला त्याचं नावही तिथेच असतं. रात्री चालू ठेवलेला पीसी सकाळी रीस्टार्ट झालेला दिसतो तेव्हा बऱ्याचदा हेच निघतं, विंडोज अपडेट. हे सगळं डोक्यावरून जात असेल तर सर्चमध्ये रिलायबिलिटी लिहा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल, त्यात तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात, घरात कोणालाही समजेल असं आहे ते.

आता वीज. इथे मी जरा जास्त लिहिणारे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

गिरगावात एका जुन्या चाळीत तळमजल्यावर एका काकांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल, वर्गणीची पावती पुस्तकं, पत्रकं, म्हणजे श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि नेमका त्याच दिवसांत पीसी बंद पडायला लागला, दिवसातून कितीतरी वेळा, पेजमेकरमधलं काम सेव्ह व्हायच्या आधीच. रॅम बदलून झाली होती, विंडोज परत टाकून झाली होती. लॉग बघितला तर सगळीकडे ४१ आणि प्रत्येक ठिकाणी बगचेक कोड शून्य. मी काकांना म्हटलं, बाकी काही करू नका, पीसी गेला की ऑर्डरच्या वहीत वेळ लिहा आणि त्या क्षणी काय चाललं होतं तेही लिहा. दुसऱ्या दिवशी वही बघितली तर जवळजवळ प्रत्येक वेळेसमोर एकच शब्द, प्रिंट. मग आम्ही मुद्दाम एक पान प्रिंटला दिलं आणि बघत बसलो. लेझर प्रिंटर जागा झाला, डोक्यावरची ट्यूबलाईट एक क्षण मंद झाली, टेबलाखालच्या यूपीएसने टक् असा आवाज केला आणि स्क्रीन काळी.

झालं असं होतं की पीसी, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर तिन्ही एकाच छोट्या यूपीएसवर लावलेले. लेझर प्रिंटरच्या आत फ्यूजर असतो, टोनरची पूड कागदावर भाजून बसवणारा गरम रोलर, तो तापताना काही सेकंद आठशे-हजार वॅटच्या घरात लोड खेचू शकतो. आपल्याकडचा ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, त्याने ते कसं झेपवायचं? म्हणूनच लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका असं यूपीएसच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. प्रिंटर भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला लावला, यूपीएसची बॅटरी नवीन टाकली, त्या दिवसापासून पीसी मध्ये बंद पडलेला नाही. इंकजेटला हा त्रास फारसा नसतो, त्याला वीज खूप कमी लागते.

या यूपीएसमधली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद असते आणि आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत तिचा दम संपतो. वाईट हे की वीज असेपर्यंत यूपीएस एकदम ठणठणीत दिसतो, हिरवा दिवा लागलेला असतो, आणि व्होल्टेज जरा खाली गेलं की तो बॅटरीवर जायला बघतो आणि तिथे काहीच नसतं. तपासायचं सोपं आहे, सगळं काम सेव्ह करा, पीसीवर काही महत्त्वाचं चालू नाही याची खात्री करा आणि यूपीएसचं भिंतीतलं बटण बंद करा. पाच मिनिटंसुद्धा निघाली नाहीत तर बॅटरी बदलायची वेळ झालीय. उलट तपासणीही करा, म्हणजे यूपीएस पूर्ण बाजूला काढून एक-दोन दिवस पीसी सरळ भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर चालवा. रीस्टार्ट थांबले तर गुन्हेगार यूपीएसच. बॅटरी चांगली असूनही लाईट जाताच पीसी जात असेल तर एसएमपीएस बघा, कारण वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तरी चांगला एसएमपीएस स्वतःच्या जोरावर धरून ठेवतो आणि साधा यूपीएस तेवढ्या वेळाच्या आत बॅटरीवर येतो. एसएमपीएसमधले वीज साठवणारे कपॅसिटर थकले की ही धरून ठेवायची ताकद जाते.

मग सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्ड. ढिला झालेला सॉकेट, ज्यात पिन हलवली की चर्र आवाज येतो, तो आजच बदलून घ्या, रीस्टार्टचं राहू द्या, आगीची भीती असते तिथे. एकाच बोर्डवर इस्त्री, मिक्सर आणि पीसी लावू नका. जुन्या चाळींत आणि जुन्या बिल्डिंगींत अजून एक गोष्ट दिसते, कॅबिनेटला उघडा हात लावला की मुंग्या येतात. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले बारीक कपॅसिटर अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण अर्ध्या मेन्सइतकं व्होल्टेज आणून ठेवतात, करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त मुंग्या येतात, पण यूएसबीला काही लावताना मशीन अडकणं किंवा रीस्टार्ट होणं यामुळेही होऊ शकतं. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जुगाडात घुसवून चालवत असाल तर बंद करा आणि लायसन्सवाला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. वीज बेस्टची असो, अदानी-टाटाची असो नाहीतर महावितरणची, मीटरच्या पुढचं तुमच्या घरातलं वायरिंग तुम्हालाच बघावं लागतं.

बाहेरचं सगळं ठीक निघालं तर एसएमपीएस. याचं लक्षण म्हणजे साधं काम करताना पीसी तासन्‌तास चालतो आणि गेम, व्हिडिओ एडिटिंग असं जड काम लावलं की ग्राफिक्स कार्ड वीज मागतं आणि मशीन जातं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, अंगावर मोठे आकडे छापलेला हलका एसएमपीएस असेल तर माझा पहिला संशय तिथेच. १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी, मल्टीमीटर असेल तर हार्डडिस्कच्या मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर बघता येतं, पण मीटर बारीक झटके पकडत नाही त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस चांगलाच असं समजू नका. खरी टेस्ट एकच, मित्राकडून चालू एसएमपीएस आणून लावून बघायचा. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडायचा नाही, प्लग काढल्यावरसुद्धा आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

एक फुकटची युक्ती सांगतो. कॅबिनेटच्या पुढचं रीसेटचं बटण जुनं झालं की आत अडकतं किंवा दमटपणाने आतल्या आत शॉर्ट होतं, मग पीसी मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट होतो आणि लॉगमध्ये अर्थातच शून्य. मदरबोर्डवरून रीसेटची बारीक दोन पिनांची वायर काढून टाका, तिच्याशिवाय काही अडत नाही. पॉवरचं बटण अडकलं तर वेगळं होतं, चालू केल्यावर चार-पाच सेकंदांत मशीन परत बंद पडतं.

उष्णतेचा प्रकार ओळखायला सोपा आहे, पहिल्यांदा अर्ध्या तासाने बंद पडतो, लगेच चालू केला की पाच मिनिटांत, आणि रात्रभर थंड झाल्यावर सकाळी परत अर्धा तास नीट. आपल्याकडे नुसती धूळ नसते, जिकडे तिकडे बांधकाम चालू, त्यात समुद्राची दमट खारी हवा, त्यामुळे ती धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये ओल्या गादीसारखी दाबून बसते आणि वरून फुंकर मारून निघत नाही. पंखा काढला की खाली राखाडी थर दिसतो, तो मऊ ब्रशने सोडवायचा आणि मग ब्लोअर मारायचा, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, हवेने गरागरा फिरू द्यायचा नाही. मग प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन वाटाण्याएवढी लावायची. त्याआधी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून तापमान बघून घ्या. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर बंद पडतात, त्यामुळे पीसी बंद पडायच्या आधी कासवासारखा चालत असेल तर ते उष्णतेचंच लक्षण धरा. टेबलाच्या बंद लाकडी खणात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर मागचा फळीचा भाग कापून टाका, मुंबईच्या मे महिन्यात त्या खणाची भट्टी होते.

रॅमची खूण म्हणजे दर वेळी वेगळा कोड. आज २६, उद्या ८०, परवा तिसराच, कधी विंडोज टाकतानाच एरर. पावसाळ्यात हे प्रकार वाढतात कारण दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. पीसी बंद करून, प्लग काढून, रॅम बाहेर काढा, पांढऱ्या खोडरबरने ती पट्टी हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा झटकून कट्ट असा आवाज येईपर्यंत परत बसवा. नुसतं एवढं करून सुधारलेले पीसी मी पाहिलेत. नाही सुधारला तर मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राईव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा, एक जरी लाल एरर आला तरी पुरे, थोडासा एरर चालतो असं रॅमच्या बाबतीत नसतं. मग एकेक स्टिक वेगळी टाकून कुठली खराब ते शोधा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची सोय) चालू असेल तर तो बंद करून बघा, बऱ्याचदा रॅम चांगली असते पण त्या जास्त वेगावर टिकत नाही.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी बायोस अपडेट करायलाच हवं. त्यातल्या जास्त ताकदीच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेज मागितलं जाऊन चिप हळूहळू खराब होत होती, इंटेलने ते २०२४ मध्ये मान्य करून बायोस अपडेटमधून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, आधीच झालेलं भरून काढत नाही, त्यामुळे अपडेटनंतरही क्रॅश चालू असतील तर वॉरंटीत बदलून मागा.

आता राहिलं सॉफ्टवेअर. इथे एकच प्रश्न विचारा, त्रास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काय नवीन टाकलं? ग्राफिक्स ड्रायव्हर, अँटीव्हायरस, नवीन वायफायचं डोंगल, जे असेल ते काढा. एक चुकीची फाईल काय करू शकते ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने बघितलं, क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर आणली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि इलाज काय होता, सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालू करून) जाऊन ती फाईल उडवणं. फॉरमॅटची गरज तिथेही नव्हती. विंडोज पूर्ण चालूच होत नसेल तर लोगो आल्यावर पॉवर बटण दाबून दोन-तीन वेळा बंद करा, मग विंडोज स्वतःच रिपेअरच्या पानावर नेते, तिथून सेफ मोड मिळतो, मात्र बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. सेफ मोडमध्ये तासभर नीट चालला तर ड्रायव्हरचा संशय पक्का, तिथेही बंद पडला तर परत वर वीज आणि उष्णतेकडे या. सिस्टिम फाईल दुरुस्त करायच्या असतील तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिस्मची रीस्टोअर हेल्थवाली कमांड आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने. डिस्क तपासायला क्रिस्टल डिस्क इन्फो हे सॉफ्टवेअर, तिथे गुडच्या जागी कॉशन दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या, पीसी नंतर बघू.

एवढं करून नाही सापडलं तर मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला घेऊन जा, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत आहे, पण नुसतं "बंद पडतो" असं सांगू नका. बंद पडायच्या वेळा, बगचेकचे आकडे, काय काय तपासलं ते कागदावर लिहून द्या, चांगला टेक्निशियन त्या कागदाने खूश होतो. पार्ट बदलला तर जुना परत मागा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आणि दुकानवाला म्हणाला की "आमच्याकडे दोन दिवस चालू होता, काही झालं नाही" तर त्याच्यावर चिडू नका, त्याने तुम्हाला मोठी माहिती दिलीय. तिथे सॉकेट वेगळा, वीज वेगळी, यूपीएस नाही, प्रिंटर नाही, हवाही बहुतेक एसीची. म्हणजे दोष घरात राहिलेल्या गोष्टींमध्ये असायची शक्यता जास्त. पीसी घरी आणला की यूपीएस आणि एक्स्टेंशन न वापरता सरळ भिंतीवर लावा, सोबत फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस. दोन दिवस नीट चालला की यूपीएस जोडा, मग दोन दिवसांनी स्पीकर, मग बाहेरची हार्डडिस्क, असं एकेक वाढवत जा आणि ज्या दिवशी परत रीस्टार्ट होईल त्या दिवशी शेवटी जोडलेली वस्तू काढून हातात घ्या.